बाबांचा सोरायसिस आणि भावाचा सोरायसिस: हा एकच आजार आहे का?

अबोली_गुहागर | ८ जुलै, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आमच्या घरात सध्या दोघांना सोरायसिस आहे. धाकटा भाऊ २३ वर्षांचा. बारावीत असताना त्याचा घसा धरला, ताप आला आणि पंधरा दिवसांत पाठीपोटावर पावसाच्या थेंबाएवढे लाल ठिपके उठले. गोवर समजून आईने त्याला कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलं होतं. ठिपके गेले. दोन वर्षांनी कोपरांवर आणि डोक्यात जाड पांढरे खवले आले ते मात्र गेलेच नाहीत.

बाबा ६६ चे. त्यांना दोन वर्षांपूर्वी सुरू झालं आणि त्यांचं दिसतंही निराळं. जाड खवले फारसे नाहीत, पण काखेत, जांघेत, कानामागे लालबुंद. पाठीला खाज इतकी, की रात्री उठून दाराच्या चौकटीला पाठ घासतात. तो आवाज ऐकून मला जाग येते.

डॉक्टरांनी दोघांनाही सोरायसिसच सांगितलाय, पण औषधं वेगवेगळी. भावाला आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी आणि डोक्याला लावायचं कडक मलम. बाबांना साधं मलम आणि रक्ताच्या ढीगभर तपासण्या. आईचं म्हणणं, दुखणं एकच आहे ना, मग एकाला गुण आला तेच दुसऱ्याला लावू. ती महिनाभर भावाची ट्यूब बाबांच्या जांघेत लावत होती. मला कळलं तेव्हा तिथली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झालेली, आतल्या शिरा दिसत होत्या.

वयाप्रमाणे हा आजार बदलतो का? पावसात का वाढतो? आणि बाबांनी मनाला लावून घेतलंय की हे त्यांच्याच रक्तातून पोराकडे गेलं. त्यांना काय सांगू?

---

जांभा_चिरा | ८ जुलै, रात्री ११.०५

अबोलीताई, पहिल्यांदा आईंच्या हातातून ती ट्यूब काढून घ्या.

मी ४३ चा. १९ व्या वर्षापासून आहे. चिऱ्याच्या खाणीवर कामाला होतो. जांभा दगड हाताला घासतोच. खरचटलं की दहा-पंधरा दिवसांत बरोबर त्याच रेषेवर खवले यायचे. हातावर दगडाने रेघ ओढावी आणि ती रेघ उगवावी, तसं. मला वाटायचं दगडाची बाधा आहे. पुढे कळलं की ज्याला हा आजार आहे त्याच्या कातडीला जखम झाली की तिथे नवा चट्टा उठू शकतो. आंब्याचा चीक उडून भाजलं, काजूच्या टरफलाचं तेल लागलं, तरी हेच. आपल्याकडच्या कामांत कातडी शाबूत ठेवणं किती कठीण, ते आपल्यालाच माहीत.

भावाला एवढंच विचारा: सकाळी उठल्यावर बोटं आखडतात का? टाच दुखते का? माझ्या बाबतीत हे बरीच वर्षं कुणी ओळखलं नाही. त्याबद्दल सविस्तर लिहितो, आज झोपतो.

---

बांगडा_फ्राय | ९ जुलै, सकाळी ७.४८

मासे बंद करायचे की नाही ते कुणीतरी ठामपणे सांगा. माझ्या नवऱ्याला सासूबाईंनी गेले आठ महिने वरणभातावर ठेवलंय. चट्टे आहेत तिथेच आहेत, माणूस मात्र वाळलाय.

---

दापोलीकर_नाना | ९ जुलै, सकाळी ९.३०

माझे वय ७०. सोरायसिस मला नाही, माझ्या थोरल्या बंधूंना होता. आम्ही त्यांना दर थंडीत उन्हवऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडावर न्यायचो. गंधकाचे पाणी. आठ दिवस स्नान केले की खपल्या सुटून अंग स्वच्छ होई. आमच्या वाडवडिलांनी हेच केले. गोळ्या घेऊन यकृत बिघडवण्यापेक्षा हे करून पाहावे, असे मला मनापासून वाटते.

---

त्वचावैद्य | ९ जुलै, दुपारी २.१५

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, बरीच वर्षं कोकणातच प्रॅक्टिस करते. न तपासता इथे कुणाला औषध सांगणार नाही. पण अबोली, तुमचा प्रश्न फार नेमका आहे, म्हणून सवडीने लिहिते.

आजाराचा गाभा एकच. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच कातडीला चेतवते. एरवी कातडीची पेशी तळात जन्मून वर येऊन गळायला महिनाभर लागतो. सोरायसिसमध्ये हाच प्रवास तीन ते पाच दिवसांत होतो. जुनी गळायच्या आत नवी येते, थरावर थर साचतो, तोच खवला. हा संसर्ग नाही. स्पर्शाने, टॉवेलने, एका ताटात जेवल्याने लागत नाही.

पण तो सुरू होण्याची दोन वयं आहेत. १९८५ मध्ये हेन्सलर आणि क्रिस्टोफर्स या जर्मन डॉक्टरांनी दोन हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास केला. त्यात आजार सुरू होण्याची एक लाट सोळा ते बावीसच्या आसपास आणि दुसरी साठीच्या आसपास दिसली. चाळिशीच्या आत सुरू होणारा आजार घराण्यात चालत आलेला असण्याची शक्यता जास्त. एचएलए-सीडब्ल्यू६ नावाचं एक जनुक या रुग्णांत बरंच सापडतं. घशाच्या स्ट्रेप्टोकोकस संसर्गानंतर थेंबांसारखे ठिपके येणं हे याच तरुण गटाचं लक्षण. तुमच्या भावाची गोष्ट अगदी तशी आहे. उतारवयात सुरू होणाऱ्या आजारात घराण्याचा धागा पुष्कळ विरळ असतो.

तेव्हा बाबांना सांगा, त्यांच्याकडूनच हे मुलाला गेलं असं धरून चालायचं कारण नाही. आईकडच्या माणसांचीही एकदा चौकशी करा.

जांघेतलं मलम आजपासून बंद. काख, जांघ, कानामागची कातडी मुळातच पातळ, आणि सत्तरीकडे झुकलेल्या माणसाची आणखी पातळ. डोक्याला चालणारं क्लोबेटासॉलसारखं कडक स्टेरॉइड तिथे महिनाभर म्हणजे फार झालं. बाबांना ज्यांनी तपासलं त्या डॉक्टरांना ती जागा लगेच दाखवा. शिवाय आपल्या दमट हवेत जांघेतला सोरायसिस आणि नायटा दिसायला सख्खे भाऊ. एकावर दुसऱ्याचं मलम लावलं की दोन्ही बिघडतात. खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की बुरशी आहे की नाही ते थोड्या वेळात कळतं.

संध्याकाळी परत येते.

---

औषधी_कुडाळ | ९ जुलै, दुपारी ४.००

मी मेडिकलवाला. डॉक्टरांच्या शेवटच्या परिच्छेदाला हजार वेळा अनुमोदन. पावसाळ्यात रोज पाच-सहा जण येतात, "खाजेची ट्यूब द्या, शेजाऱ्याने नेलेली तीच." त्या मिश्र मलमांत स्टेरॉइड, बुरशीचं औषध, अँटिबायोटिक सगळं एकत्र असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग चट्टा दुप्पट पसरतो. मी चिठ्ठीशिवाय देत नाही, माणसं रागावून पुढच्या दुकानात जातात.

---

मालवणी_वाऱ्यावर | ९ जुलै, संध्याकाळी ६.४०

गे बाय, तुज्या भावाक आठवड्याची गोळी हा म्हणालंस, ता वाचून माजो जीव खालीवर झालो. माजी आवस ७१ वर्षांची. तिका तीच गोळी दिलेली. चिठयेर इंग्रजीत लिवलेला. घरात कोणाक समाजला नाय, ती बिचारी रोज एक घेय होती.

बाकीचं सगळ्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत लिहितो. सातव्या दिवशी तिचं तोंड आतून सोललं. पेज गिळता येईना. आम्हाला वाटलं उष्णता झाली, दोन दिवस गुलकंद आणि सब्जा दिला. मग ताप भरला. गाडी करून गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात नेली. रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार खाली गेलेल्या. त्यावर उतारा म्हणून फोलिनिक ॲसिडची इंजेक्शनं दिली, दहा दिवस ठेवून घेतलं. वाचली. पण त्या दहा दिवसांत तिने माझा हात सोडला नाही, आणि मी स्वतःला विचारत होतो की चिठ्ठीवरची एक ओळ आपण कुणाकडून वाचून का घेतली नाही.

मेथोट्रेक्सेट म्हणतात त्या गोळीला. औषध वाईट नाही. आवशीच्या तळपायाला त्यानेच आराम पडला असता. पण ती आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. कृपा करून हे आपापल्या घरात मोठ्याने वाचून दाखवा.

---

औषधी_कुडाळ | ९ जुलै, संध्याकाळी ७.१०

वाऱ्यावर दादा, वाचून सुन्न झालो. आई सावरल्या हे ऐकून बरं वाटलं.

या गोळीबरोबर बहुतेक वेळा फोलिक ॲसिड देतात, ते इतर दिवशी घ्यायचं. दोन्ही गोळ्या लहान आणि बऱ्याचदा पिवळ्याच. साठीपुढच्या डोळ्यांना फरक कळत नाही. मी मेथोट्रेक्सेटच्या पट्टीवर जाड मार्करने "फक्त रविवार" असं मराठीत लिहून देतो आणि एका वेळी चारच आठवड्यांचं देतो. वार कुठलाही चालेल, पण घरातल्या सगळ्यांना तो माहीत हवा.

आणखी एक. ही गोळी चालू असताना सल्फाचं को-ट्रायमोक्साझोल नावाचं अँटिबायोटिक किंवा अंगदुखीच्या गोळ्या परस्पर घेऊ नका. मूत्रपिंडावाटे औषध बाहेर पडणं मंदावतं आणि ते अंगात साठतं. म्हाताऱ्या माणसांचं मूत्रपिंड आधीच मंद चालतं.

---

त्वचावैद्य | ९ जुलै, रात्री ९.५०

अबोली, तुमच्या बाबांना फक्त मलम आणि ढीगभर तपासण्या का, याचं उत्तर वरच्या दोन प्रतिसादांत आलं. पासष्टीच्या माणसाला गोळी देण्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी), यकृत, रक्तपेशी आणि छातीचा एक्स-रे पाहावाच लागतो. वय झालं म्हणून उपचार करायचेच नाहीत, असा मात्र याचा अर्थ नाही. खाजेने रात्र रात्र जागणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला मी "आता काय, सहन करायचं" असं म्हणताना ऐकते तेव्हा मला वाईट वाटतं. कमी मात्रेत, जपून, सगळं देता येतं.

उतारवयात मी आणखी एक गोष्ट आवर्जून विचारते: दुसरी कुठली औषधं चालू आहेत? रक्तदाब-हृदयासाठी देतात त्या प्रोप्रानोलॉलसारख्या बीटा ब्लॉकर गोळ्या, मानसिक आजारावरचं लिथियम, मलेरियासाठी देतात ती क्लोरोक्विन, यांनी सोरायसिस भडकू शकतो. आणि स्टेरॉइडची सुई किंवा गोळी घेऊन अचानक थांबवली तर सगळं अंग लाल होऊन सोलू शकतं, हुडहुडी भरते, पाय सुजतात. तसं झालं तर घरी थांबू नका, थेट रुग्णालय गाठा.

तरुणांत मी काय पाहते? नखं, सांधे, कंबरेचा घेर, रक्तदाब, साखर आणि चेहऱ्यावरची उदासी. सोरायसिसची धग कातडीपुरती राहत नाही, रक्तवाहिन्यांनाही लागते. २००६ मध्ये ब्रिटनमधल्या रुग्णांच्या नोंदींवरून एक मोठा अभ्यास झाला. तीव्र सोरायसिस असलेल्या तिशीतल्या माणसाला हृदयविकाराच्या झटक्याचा धोका त्याच वयाच्या निरोगी माणसापेक्षा सुमारे तिप्पट दिसला. साठीत तोच फरक सुमारे १.४ पटीवर आला. साठीत झटका मुळातच जास्त जणांना येतो, म्हणून दोन्ही वयांत लक्ष हवंच. पण तेविशीच्या मुलाचा रक्तदाब कुणी मोजत नाही, ही माझी खंत आहे.

बांगडा_फ्राय, मासे खाल्ल्याने सोरायसिस वाढतो याला आधार नाही. खवल्यांवाटे अंगातली प्रथिनं जातात, त्यामुळे ती पोटात जायलाच हवीत. बंद करायची असेल तर दारू आणि सिगारेट. वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने खरोखर फरक पडतो.

---

बांगडा_फ्राय | ९ जुलै, रात्री १०.०२

डॉक्टर, तुमचं लिहिणं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "उद्या बाजारात काय येतंय बघ." देव तुमचं भलं करो.

---

निवृत्त_गुरुजी_राजापूर | १० जुलै, पहाटे ५.३०

माझे वय ७२. व्याधी ६३ व्या वर्षी जडली. हात कापतो म्हणून एका डॉक्टरांनी प्रोप्रानोलॉल दिली होती. चार महिन्यांत नडग्यांवर चट्टे. दोन वर्षे कुणीच हा संबंध जोडला नाही. पुढे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पिशवीतल्या सगळ्या गोळ्या टेबलावर मांडायला लावल्या आणि एकेक विचारत गेल्या. गोळी बदलली, निम्मा आजार उतरला. निम्मा राहिला. पण अशी गोळी कुणी आपल्या मनाने बंद करू नये. काहींना ती हृदयासाठी असते, अचानक सोडणे धोक्याचे.

नानासाहेब, आमच्या राजापूरलाही उन्हाळे गावी गरम पाण्याचे कुंड आहे. राजापूरची गंगा, म्हणजे अधूनमधून प्रकटणारे झरे, आली की माणसे गंगेत स्नान करून या कुंडावर येतात. मीही जात असे. खपल्या सुटतात हे खरे. पण ऊन पाण्यातून बाहेर आलो की दोन तासांत अंग तडतडू लागे, आणि एकदा रक्तदाब उतरून पायरीवरच बसलो. आता घरी कोमट पाण्याने स्नान करतो आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल लावतो. गुण तोच मिळतो.

अबोली बेटा, एक अडचण कुणी लिहिली नाही. मी एकटा राहतो. डॉक्टर सांगतात, पाठीला दोनदा मलम लावा. माझा हात तिथे पोचत नाही. वर्षभर पाठ तशीच राहिली, आणि औषधाने गुण नाही असे मीच सांगत होतो. आता आमटीची लांब दांड्याची लाकडी पळी घेतली आहे. तिला मऊ सुती फडके बांधतो, त्यावर मलम, आरशाकडे पाठ करून लावतो. तुझे वडील चौकटीला पाठ घासतात म्हणालीस. त्यांच्या पाठीला मलम कोण लावते?

---

अबोली_गुहागर | १० जुलै, सकाळी ८.१५

गुरुजी, तुमचा प्रश्न वाचून स्वयंपाकघरातच उभी राहिले. कुणीच लावत नाही. बाबा आईला सांगायला लाजतात आणि आम्ही कुणी विचारलंच नाही. आजपासून मी लावणार.

---

दापोलीकर_नाना | १० जुलै, सकाळी १०.२०

गुरुजी, आपला अनुभव मोलाचा. बंधूंना कुंडावरून आल्यावर घरच्या नारळाचे तेल आम्ही चोळत असू, त्याचेही श्रेय असेल. आणि खपल्या दरवर्षी परत येत, हेही मान्य करतो. श्रद्धेने जाणाऱ्याने जावे, पण रक्तदाबाच्या माणसाने एकटे उतरू नये, अशी माझ्या म्हणण्यात दुरुस्ती करतो.

---

सुरंगी_देवगड | १० जुलै, दुपारी १.००

अवांतर वाटेल, पण तरुणांची बाजू लिहायलाच हवी.

मी २७. पंधराव्या वर्षापासून डोक्यात आणि गुडघ्यांवर आहे. काळा ड्रेस कधी घालता आला नाही, खांद्यावर भुगा दिसतो. चार स्थळं याच कारणाने मोडली. एका बाईंनी चहाचा कप उचलायच्या आधी माझ्या आईला विचारलं, "हे महारोगासारखं तर नाही ना?" आईने उत्तर दिलं, पण त्या रात्री ती जेवली नाही.

म्हाताऱ्या माणसांचे हाल कमी आहेत असं मी म्हणत नाही. पण त्यांचं लग्न, मुलंबाळं, नोकरी मार्गी लागल्यावर हे येतं. आमचं सगळं आयुष्य याच्यासकट उभं राहायचं असतं. मला मेथोट्रेक्सेट देताना डॉक्टरांनी स्पष्ट विचारलं, लग्नाचा, मुलाचा विचार कधी आहे? कारण ती गोळी चालू असताना दिवस राहता कामा नयेत. ॲसिट्रेटिन नावाची दुसरी गोळी तर बंद केल्यावरही तीन वर्षं मूल होऊ द्यायचं नसतं, म्हणून ती माझ्या वयाच्या मुलींना सहसा देतच नाहीत. ६६ वर्षांच्या काकांना हा प्रश्न पडत नाही. अबोलीताई, औषधं वेगळी असण्याचं हेही एक कारण.

मी सध्या नॅरोबँड यूव्हीबीचा (ठरावीक अतिनील किरणांचा) प्रकाशोपचार घेते. आठवड्यातून तीनदा. त्यासाठी कोल्हापुरात आत्याकडे राहायला आलेय, कारण देवगडहून तीनदा घाट चढणं शक्य नाही. गुडघे ऐंशी टक्के साफ झालेत. मागच्या रविवारी काळा ड्रेस घेतला.

---

जांभा_चिरा | १० जुलै, रात्री ९.३०

सुरंगी, शाबास पोरी. तो ड्रेस घालून मिरव.

माझं राहिलेलं लिहितो. तिशीत डाव्या हाताचं मधलं बोट सुजलं. सबंध बोट, बुडापासून टोकापर्यंत. दगड लागला असेल म्हणून लेप लावला. सकाळी तासभर मूठ वळायची नाही. संधिवाताची रक्ततपासणी केली, ती आरए फॅक्टर म्हणतात ती, निगेटिव्ह. "संधिवात नाही, कामाचा ताण आहे," असं सांगून वेदनाशामक दिली. ती मी सहा वर्षं खाल्ली. माझी नखं तेव्हा सुईने टोचल्यासारखी खड्डे खड्डे झाली होती, आणि ती नखं कुणी पाहिलीच नाहीत. मीही दाखवली नाहीत, नखात बुरशी असेल म्हणून सोडून दिलं.

तो सोरियाटिक आर्थ्रायटिस होता, म्हणजे सोरायसिसमुळे होणारा संधिवात. आता औषधाने थांबलाय, पण दोन बोटं वाकडी झाली ती झाली. चिरा उचलता येत नाही. खाणीचा हिशेब लिहायचं काम करतो. पेन धरायलाही सुरुवातीला त्रास झाला.

अबोलीताई, भाऊ २३ चा आहे. त्याची नखं आजच बघा. त्याच्यापुढे हात चालायची अजून चाळीस वर्षं आहेत.

---

त्वचावैद्य | ११ जुलै, दुपारी ३.००

दादांनी लिहिलंय ते प्रत्येक तरुण रुग्णाने वाचावं. सोरायसिस असलेल्या साधारण २० ते ३० टक्के लोकांना सांध्यांचा त्रास होतो, बहुतेकांना कातडीवर आजार दिसल्यानंतर काही वर्षांनी. आरए फॅक्टर यात बहुधा निगेटिव्हच येतो, म्हणून त्या एका रिपोर्टवर निर्धास्त राहायचं नाही. बोट वाटाण्याच्या शेंगेसारखं सबंध सुजणं, टाचेत कळ, सकाळचा आखडलेपणा, खड्डे पडलेली नखं, ही खूण. वय झालेल्या माणसात उलटी गफलत होते: सांधे दुखले की "झिजले असतील" म्हणून सोडून देतात. दोन्ही वयांत हे निसटतं, फक्त कारण वेगळं.

पावसाचा प्रश्न राहिला होता. ऊन सोरायसिसला मानवतं, आणि आपल्याकडे ते चार महिने गायब असतं. ओले कपडे काखाजांघांत घासतात, मुलांचे घसे धरतात. भातलावणीच्या दिवसांत तळपायाला भेगा घेऊन बायका येतात आणि सगळ्या म्हणतात, "चिखल्या झाल्यात." काहींच्या खरंच चिखल्याच असतात. पण लावणी संपून दोन महिने झाले तरी भेगा भरत नाहीत, आणि तळव्यावर जाड खवले आहेत, तर तो तळपायाचा सोरायसिस असू शकतो.

---

मालवणी_वाऱ्यावर | ११ जुलै, संध्याकाळी ७.२०

डॉक्टर, माज्या आवशीचा अगदी ह्याच झाला. चार वर्सा चिखल्यो म्हणान कोकमाचा तेल गरम करून भरी होती. तेलान भेगो मऊ व्हयत, पण परत येयत. आता ती प्रकाशाचा आणि मलमाचा औषद घेता. गोळयेचा नाव काडला तरी अजून दचाकता.

---

अबोली_गुहागर | १९ जुलै, रात्री १०.४५

मंडळी, आठ दिवसांनी परत आलेय.

शनिवारी भाऊ रत्नागिरीहून आला. ओटीवर दिव्याखाली बसवून त्याची नखं पाहिली. उजव्या हाताच्या तीन नखांत खड्डे आहेत. टाच दुखते का विचारलं तर म्हणाला, "दुखते, क्रिकेटमुळे." दोन वर्षं तो क्रिकेट खेळलेला नाही. पुढच्या बुधवारी सांध्यांच्या डॉक्टरांकडे नेतेय. रक्तदाबही मोजला, १४२/९२ निघाला. तेविसाव्या वर्षी. दोनदा मोजला, तेवढाच. तोही दाखवणार आहे. त्याची गोळी सोमवारची असते. आईने आता कालदर्शिकेवर प्रत्येक सोमवारी कुंकवाचं बोट लावून ठेवलंय.

बाबांच्या जांघेत बुरशीही निघाली. दोन्हींचं औषध वेगवेगळं सुरू झालंय. क्रिएटिनिन थोडं वाढलेलं आहे, म्हणून त्यांना गोळी नकोच म्हणाले. पाठीला मी रोज रात्री मलम लावते. पहिल्या दिवशी ते अंग चोरून बसले होते. परवा लावता लावता बसल्या जागीच झोपले.

आणि डॉक्टर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे आईकडे चौकशी केली. ती आधी काही बोलेना. मग तिने जुना अल्बम काढला. माझी आजी, आईची आई, प्रत्येक फोटोत कपाळापर्यंत पदर. मला वाटायचं जुन्या वळणाची होती. आई म्हणाली, "तिच्या डोक्यात कायम खपल्या असायच्या. न्हाणीघराचं दार लावून एकटीच न्हायची. मला वेणी घालायची, पण स्वतःच्या केसांना कधी हात लावू दिला नाही." विसाव्या वर्षापासून होतं म्हणे. आईने हे चाळीस वर्षांत कुणालाही सांगितलं नव्हतं.

बाबा शेजारी बसून ऐकत होते. थोड्या वेळाने त्यांनी फोटो हातात घेतला, चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि भावाला हाक मारली, "इकडे ये रे, तुझी आजी बघ."

---

निवृत्त_गुरुजी_राजापूर | २० जुलै, पहाटे ५.४०

बेटा, बुधवारी सांध्यांचे डॉक्टर काय म्हणतात ते इथे लिही. आणि बाबांना सांग, झोप लागली तर लागू दे, मलम सावकाश लाव.